अंगठ्याखालची दोन छोटी हाडं: ठेवायची की काढायची?

माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. आकडा चुकीचा नाही, पण तो ठरवताना थोडी सोय पाहिलेली आहे. त्यात गुडघ्याच्या दोन वाट्या मोजल्या आहेत. पायाच्या अंगठ्याखाली, चवड्याच्या आत बसलेली दोन-दोन हाडं मात्र मोजलेली नाहीत. म्हणजे दोन्ही पायांत मिळून अशी चार हाडं बहुतेक सगळ्यांकडे आहेत, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या हिशोबाबाहेर आहेत. हाडं मोजायची कशी यावर आपल्याकडेही जुना मतभेद आहे. चरकसंहितेत ३६० हाडं सांगितली आहेत. सुश्रुत म्हणतो की शल्यतंत्राच्या हिशोबाने ती ३००.

दुखेपर्यंत या चार हाडांची आठवण कोणालाच येत नाही. एकदा दुखायला लागली की मात्र चालणं, धावणं, नाचणं, आठ तास उभं राहून पार्ट-टाइम नोकरी करणं, सगळंच अडतं. महिनोन्‌महिने उपचार करूनही दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टर एक दिवस म्हणतात, ‘हे हाड काढून टाकता येईल.’ घरी फोन करून हे सांगितलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘काढून टाकायचं म्हणजे? मग चालणार कसं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. या लेखात त्याचंच उत्तर शोधूया.

नाव तिळाचं, काम कप्पीचं

या हाडांना सेसॅमॉइड म्हणतात. हे नाव तिळाच्या ग्रीक नावावरून आलंय. शरीरातली अशा प्रकारची काही हाडं खरंच तिळाएवढी असतात, पण अंगठ्याखालची जोडी तेवढी लहान नाही. ती साधारण काबुली चण्याएवढी भरतात.

सेसॅमॉइडची खासियत म्हणजे ती कंडरेच्या आत वाढतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. सर्वांत मोठं सेसॅमॉइड आपल्या चांगलं ओळखीचं आहे: गुडघ्याची वाटी. अंगठा खाली वाकवणारा एक छोटा स्नायू तळव्यात असतो. त्याच्या दोन कंडरा पुढे जाऊन अंगठ्याच्या मुळाशी जुळतात आणि प्रत्येकीत एक-एक हाड बसलेलं असतं. एक आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेला. दुसरं बाहेरच्या बाजूला, म्हणजे शेजारच्या बोटाच्या दिशेला. या दोघांच्या मधल्या खोबणीतून अंगठ्याच्या टोकापर्यंत जाणारी एक लांब कंडरा सुरक्षित सरकत असते.

ही हाडं तीन कामं करतात. पहिलं, तुम्ही चवड्यावर येता तेव्हा अंगावरचं वजन ती थेट झेलतात, त्यामुळे मधली कंडरा चिरडत नाही. दुसरं, सांधा हलताना घर्षण कमी करतात. तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं: ती कंडरेला सांध्यापासून थोडं दूर धरतात. गंजलेला नट काढताना लांब दांड्याचा पाना घेतला की कमी जोर लागतो, हे तुम्ही कधीतरी केलं असेल. तोच हिशोब इथे आहे. ओढ सांध्यापासून जितकी दूर, तितकी तीच ताकद जास्त कामाला येते. पाऊल उचलताना अंगठा जमिनीला जो शेवटचा रेटा देतो, त्यातला बराचसा या छोट्या हाडांच्या जिवावर असतो.

प्राण्यांमध्ये याच जातीच्या हाडांनी काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे. पांडा बांबू धरतो तो त्याचा ‘अंगठा’ खरा अंगठा नसून मनगटाजवळचं वाढलेलं सेसॅमॉइड आहे. शर्यतीच्या घोड्यांमध्ये पायातली सेसॅमॉइड मोडणं ही जिवावर बेतणारी दुखापत समजली जाते.

कधीही नष्ट न होणारं हाड

एवढ्याशा हाडाला एक विलक्षण दंतकथा चिकटलेली आहे. ज्यू परंपरेत ‘लूझ’ नावाच्या एका हाडाची गोष्ट आहे. ते आगीत जळत नाही, पाण्यात विरघळत नाही, जात्यात दळलं जात नाही, आणि शेवटच्या दिवशी त्याच्यापासून माणूस पुन्हा उभा राहणार. मूळ कथेत हे हाड पाठीच्या कण्यातलं आहे. पण युरोपात पुढे कोणी ते कुठे, कोणी कुठे शोधलं. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारा व्हेसालियस १५४३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात सांगतो की गूढविद्या मानणारे लोक अंगठ्याखालच्या हाडालाच ते अविनाशी हाड समजतात. स्वतः त्याने यावर वाद घातला नाही. तो विषय धर्मशास्त्र्यांवर सोपवून तो पुढे गेला.

ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र हे हाड मुळीच अविनाशी नाही. ते मोडतं, झिजतं, आणि कधीकधी आतून मरतंसुद्धा.

दुखतं का?

कारणं चार-पाच आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात.

सगळ्यांत जास्त वेळा दिसते ती जादा वापराची सूज. धावण्याचं अंतर एकदम वाढवलं, उंच टाचांच्या चपला घातल्या, कडक फरशीवर अनवाणी सराव सुरू केला की चवड्याखाली ठसठसायला लागतं. दुसरं म्हणजे ताणाने पडलेली बारीक चीर. ही एका दिवसात पडत नाही. तीच जागा हजारो वेळा दाबली गेली की हळूहळू पडते. तिसरं, उंचावरून उडी मारल्यावर झालेलं सरळ फ्रॅक्चर. चौथं, हाडाचा रक्तपुरवठा तुटून त्याचा भाग मरणं. या हाडांना मुळातच रक्त बेताचं मिळतं, त्यामुळे चीर भरून यायलाही वेळ लागतो आणि कधीकधी ती भरतच नाही. पाचवं म्हणजे सांध्याची झीज.

आतल्या बाजूच्या हाडावर जास्त भार येतो, म्हणून दुखापतही त्यालाच जास्त होते. कोणाला होते? धावपटूंना, फुटबॉल-बास्केटबॉल खेळणाऱ्यांना, बॅले करणाऱ्यांना. आणि आपल्या ओळखीच्या मंडळींनाही. भरतनाट्यममधला ‘कुदित्त मेट्टु’ आठवा: चवड्यांवर उडी, मग टाच जमिनीवर, तेही अनवाणी, तेही शेकडो वेळा. परदेशात क्लास बऱ्याचदा शाळेच्या जिममध्ये किंवा कम्युनिटी हॉलमध्ये भरतात आणि खाली काँक्रीटवर पातळ टाइल असते. नाचासाठी बांधलेली लाकडी जमीन थोडी दबते, काँक्रीट दबत नाही. गणपतीच्या आधी महिनाभर लेझीम किंवा ढोलाची तालीम, तीही एरवी वर्षभर खुर्चीत बसून असलेल्या पायांनी, हाही तोच प्रकार. सूर्यनमस्कारात बोटं मुडपून सगळा भार चवड्यावर घेतो, तेव्हा दुखणं नेमकं कळतं.

एक फरक लक्षात ठेवा. अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालभडक, गरम होऊन सुजला आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना, तर ते बहुधा हे दुखणं नाही. तो गाऊट असू शकतो किंवा जंतुसंसर्ग. त्यासाठी लगेच डॉक्टरकडे जायला हवं.

एक्स-रेमधला चकवा

या दुखण्यातली सगळ्यांत मोठी गफलत निदानात होते. एक्स-रेमध्ये हाडाचे दोन तुकडे दिसतात आणि रिपोर्टवर ‘फ्रॅक्चर’ असं लिहून येतं. पण दोन तुकडे दिसले म्हणजे हाड मोडलंच असं नाही. पुष्कळ लोकांचं सेसॅमॉइड जन्मापासूनच्या घडणीमुळे दोन भागांचं असतं. ही हाडं लहानपणी कूर्चेची असतात आणि साधारण सात ते बारा वर्षांच्या दरम्यान त्यांचं हाड बनतं. ते बनताना दोन केंद्रं सुटी राहिली की दोन तुकडे आयुष्यभर तसेच राहतात. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण दहा माणसांत एक ते तीन जणांचं असं असतं. यातही आतल्या बाजूचं हाडच जास्त वेळा दुभंगलेलं दिसतं.

मग ओळखायचं कसं? घडणीतले तुकडे कडेने गोल आणि गुळगुळीत असतात, आणि दोन्ही जोडून पाहिले तर एका अखंड हाडापेक्षा मोठे भरतात. मोडलेले तुकडे खडबडीत असतात आणि फुटलेल्या बशीच्या तुकड्यांसारखे एकमेकांत बसतात. दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढून तुलना करतात, पण दुसऱ्या पायात अखंड हाड असलं तरी काही सिद्ध होत नाही, कारण एकाच पायात दुभंगलेलं हाड असणारेही बरेच आहेत. शंका उरली तर एमआरआय करतात. त्यात हाडाच्या आतली सूज आणि रक्तपुरवठा कळतो. शिवाय दुभंगलेलं हाडही दुखू शकतं, कारण दोन तुकड्यांमधला सांधा ताणला जातो.

हे सगळं सांगायचं कारण असं: फक्त एका एक्स-रेवरून कोणी हाड काढायचा सल्ला देत असेल, तर थांबा. डॉक्टरांनी पाय हातात घेतला का? अंगठा वर वाकवून खालून दाबून पाहिलं का? अंगठा वर केला की ही हाडं पुढे सरकतात, त्यामुळे दुखण्याची जागाही त्यांच्याबरोबर सरकते. जागा सरकली नाही तर दुखणं दुसऱ्या कशाचंतरी असू शकतं.

आधी बाकीचं सगळं

शस्त्रक्रिया हा या वाटेवरचा शेवटचा थांबा आहे, आणि बहुतेक लोक त्याच्या बरेच आधी उतरतात. उपचार कंटाळवाणे आहेत, पण साधे आहेत.

चवड्यावर भार येणारी हालचाल बंद. उंच टाचा बंद. तळ कडक असलेले, पुढून किंचित वर वळलेले बूट, म्हणजे चालताना अंगठा वाकावाच लागत नाही. बुटात जाड फेल्टची चकती, जिला दुखऱ्या हाडाच्या जागी खाच कापलेली असते. भार आजूबाजूला पडतो आणि हाड त्या खाचेत अधांतरी राहतं. चीर असेल तर साधारण सहा आठवडे गुडघ्याखालपर्यंतचा मोठा बूट किंवा प्लास्टर. सूज उतरवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही जण देतात, पण जपून, कारण ते आजूबाजूच्या कंडरा कमजोर करू शकतं.

आणि घरातली चप्पल! आपण दारात बूट काढतो आणि मग दिवसभर लाकडी किंवा टाइलच्या जमिनीवर अनवाणी फिरतो. क्लिनिकमध्ये ‘मी बूट बदलले’ असं सांगणारे घरातले आठ तास सांगायचेच विसरतात. घरात घालायला वेगळी, जाड तळाची चप्पल ठेवा. देवघरातही ती चालत नसेल, तर तिथे जाड सतरंजी टाका.

हे सगळं प्रामाणिकपणे तीन ते सहा महिने करायचं असतं. ‘दोन आठवडे केलं, फरक नाही’ हे कारण शस्त्रक्रियेला पुरत नाही.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

सहा महिने झाले, दुखणं तसंच आहे, एमआरआयमध्ये न जुळलेली चीर किंवा मेलेलं हाड स्पष्ट दिसतंय. आता पर्याय समोर येतो. इंग्रजीत याला सेसॅमॉइडेक्टमी म्हणतात.

शक्यतो एकच हाड काढतात. आतलं काढायचं असेल तर पावलाच्या आतल्या कडेने, जिथे तळव्याची जाड कातडी संपून पातळ कातडी सुरू होते, तिथे छेद घेतात. बाहेरचं हाड खोल असतं. त्याच्यासाठी एकतर तळव्यातून जावं लागतं, नाहीतर वरून, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून. अंगठ्याला संवेदना देणारी बारीक नस अगदी जवळून जाते, ती आधी शोधून बाजूला धरतात. मग शेंगेतून वाटाणा काढावा तसं हाड कंडरेतून सोडवून काढतात. शेंग फाटता कामा नये, हे इथलं खरं कौशल्य. कारण ती कंडरा पुढेही वापरायची आहे. हाड काढल्यावर राहिलेली पोकळी टाक्यांनी नीट शिवतात. त्याच दिवशी घरी सोडतात.

कधीकधी पूर्ण हाड काढायची गरज नसते. फक्त छोटा तुटका तुकडा काढतात. किंवा न जुळलेल्या चिरेत रुग्णाच्याच शरीरातलं थोडं हाड भरून ती जुळवायचा प्रयत्न करतात. हे पर्याय आपल्या बाबतीत लागू आहेत का, हे विचारायलाच हवं.

गेलेल्या हाडाची किंमत

आता घरून आलेला तो प्रश्न: मग चालणार कसं?

एक हाड काढल्यावर बहुतेक लोक चालतात, धावतात आणि खेळायलाही परत जातात. पण काहीच फरक पडत नाही असंही नाही. पान्याचा दांडा थोडा आखूड झालेला असतो, त्यामुळे अंगठ्याचा रेटा थोडा कमी होऊ शकतो. रोजच्या चालण्यात ते जाणवणार नाही. शंभर मीटर धावणाऱ्याला किंवा उडीवर अख्खा नाच उभा असणाऱ्याला जाणवू शकतं.

दुसरा धोका दिशेचा. दोन हाडं म्हणजे घोड्याच्या दोन लगामांसारखी. आतलं काढलं आणि शिवण सैल राहिली, तर अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि मुळाशी टेंगूळ येतं. याला इंग्रजीत बनियन म्हणतात (अंगात घालायच्या बनियनशी संबंध नाही). बाहेरचं काढलं तर अंगठा उलट दिशेला जाऊ शकतो. दोन्ही काढली तर अंगठा वर उचलला जाऊन आकडीसारखा राहण्याची भीती असते. म्हणूनच दोन्ही एकदम काढणं शल्यचिकित्सक टाळतात.

तिसरा, नस. ती दुखावली तर अंगठ्याची कड बधिर राहते किंवा झिणझिण्या येतात. तळव्यातून छेद घेतला असेल तर तिथला व्रण पुढे खड्यासारखा टोचू शकतो. चौथा, भार सरकणं: अंगठा नीट रेटत नाही म्हणून शेजारच्या बोटांखाली दुखायला लागतं. आणि पाचवा, ज्याबद्दल कमी बोललं जातं: सगळं व्यवस्थित होऊनही दुखणं थोडंफार राहू शकतं.

हे धोके रोजचे नाहीत, पण काढलेलं हाड परत बसवता येत नाही. म्हणून निर्णयाला घाई नको.

नंतरचे महिने

पहिले दोन-तीन आठवडे टाके असेपर्यंत फक्त टाचेवर भार, खास बुटात. अंगठा योग्य दिशेला राहावा म्हणून पट्टी बांधतात. साधारण सहा आठवड्यांनी कडक तळाचे साधे बूट. पळणं तिसऱ्या महिन्याच्या आसपास, तेही हळूहळू. नाच किंवा स्पर्धेसाठी सहा महिन्यांचा हिशोब धरलेला बरा. उजवा पाय असेल तर ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत गाडी चालवायची नाही. गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही अशा गावात राहत असाल, तर ही सोय आधी लावा. चौथ्या मजल्यावर लिफ्टविना राहत असाल तरी तेच.

‘सुट्टीत पुण्याला जाऊन उरकून येऊ’ हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. खर्च कमी, आईच्या हातचं जेवण, आपल्या भाषेत बोलणारे डॉक्टर. यातलं काही खोटं नाही. पण पायाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केला तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि पट्टी बदलणं, टाके काढणं, फिजिओथेरपी हा निम्मा उपचार असतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत तो बसत नाही. जायचंच असेल तर परतीचं तिकीट डॉक्टरांना विचारून काढा आणि सगळे कागद सोबत आणा.

आईबाबांना मधुमेह असेल तर एक वेगळी गोष्ट. बधिर झालेल्या तळव्याला या हाडांचा दाब कळत नाही आणि तिथे न भरणारी जखम होते. अशा वेळी जखम भरावी म्हणूनही हे हाड काढतात. तो निर्णय वेगळ्या तराजूत तोलला जातो. रोज रात्री त्यांनी तळवे पाहावेत, एवढं मात्र फोनवरून नक्की सांगा.

डॉक्टरांना काय विचारायचं?

अमेरिकेत हे काम पायांचे स्वतंत्र डॉक्टर, म्हणजे पोडिअॅट्रिस्ट, करतात आणि पायात विशेष प्रशिक्षण घेतलेले अस्थिशल्यचिकित्सकही करतात. ब्रिटनमध्ये आधी जीपी, मग पुढची चिठ्ठी. कुठेही असलात तरी हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- हे फ्रॅक्चरच आहे की जन्मजात दोन भाग? कशावरून?
- कुठलं हाड काढणार, पूर्ण की अर्धं? छेद कुठून?
- अंगठा वाकडा होऊ नये म्हणून काय करणार?
- वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता?
- काहीच केलं नाही तर वर्षभराने काय होईल?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आपल्याकडे डॉक्टरांना उलट विचारायची सवय नाही. पण त्याचं उत्तर सगळ्यांत उपयोगी असतं. ‘फार काही बिघडणार नाही, जसं आहे तसं राहील’ असं उत्तर आलं, तर वेळ तुमच्या बाजूने आहे. आणखी दोन महिने बूट बदलून, सराव थांबवून बघता येईल. ‘हाड मेलंय, सांधाही झिजेल’ असं आलं, तर थांबण्याचीही किंमत आहे, आणि हाड काढणं हाच शहाणपणा असू शकतो.

मग तुम्हाला पाय कशासाठी हवाय, हेही त्यांना सांगा. ‘चालता आलं की झालं’ आणि ‘पुढच्या वर्षी अरंगेत्रम आहे’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि उपचारही त्यानुसार बदलतात. हा लेख तुमच्या डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, पण त्यांच्यासमोर बसताना प्रश्न तयार असले की वीस मिनिटांची ती भेट बरीच कामी येते. तुमच्याकडे अजून प्रश्न असतील तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात त्यांच्यावर बोलू.